सुरूर ते पोलादपूर : रस्ता बांधणे आणि रस्ता राखणे

पुणे–बंगळूर महामार्गावरचे सुरूर आणि मुंबई–गोवा महामार्गावरचे पोलादपूर यांना जोडणारा राज्य महामार्ग जेमतेम 80-85 किलोमीटरांचा आहे. सुरूरहून तो वडांच्या सावलीतून वाईला येतो, पसरणीच्या घाटाने पाचगणीच्या पठारावर चढतो, महाबळेश्वरची बाजारपेठ ओलांडून आंबेनळी घाटात शिरतो आणि प्रतापगडाला वळसा घालून कोकणात उतरतो. एवढ्याशा अंतरात ऊसपट्टा, स्ट्रॉबेरीची शेते, सदाहरित जंगल आणि भातखाचरे असे चार वेगळे मुलूख लागतात. पर्यटकांच्या लेखी हा महाबळेश्वरचा रस्ता. मेटतळे, वाडा कुंभरोशी, पायटा, कापडे या गावांना मात्र दवाखाना, शाळा आणि बाजार गाठायला हीच वाट. या रस्त्याचा इतिहास सांगताना आपण नेहमी तो कोणी बांधला आणि कोणत्या साहेबाचे नाव त्याला दिले एवढ्यावर थांबतो. माझे म्हणणे असे की सह्याद्रीतल्या घाटरस्त्याचा खरा इतिहास तो राखण्याचा इतिहास असतो. असा रस्ता एकदा बांधून होत नाही, दर पावसाळ्यानंतर तो पुन्हा उभा करावा लागतो. ही गोष्ट विसरून केवळ रुंदी वाढवत गेलो तर खर्च वाढेल आणि भरवसा कमी होईल.

आधी भूगोल पाहू, कारण इथे सगळा हिशेब पाण्याचा आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,370 मीटर उंचीवर आहे आणि तिथे वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून रस्त्याने 32 किलोमीटरवरच्या वाईत तोच पाऊस हजार मिलिमीटरच्याही आत येतो. म्हणजे एकाच रस्त्याचे एक टोक पर्जन्यछायेत आहे आणि दुसरे थेट ढगांच्या तोंडाशी. पठाराच्या माथ्यावर जांभ्याचे सच्छिद्र टोपण आहे. ते पाणी पिते, आणि खालच्या चिकणमातीच्या व काळ्या पाषाणाच्या थरांशी अडलेले पाणी डोंगराच्या कुशीतून झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. घाटरस्ता नेमका याच कुशीत कोरलेला असतो. त्यामुळे त्याच्यावर वरून पाऊस पडतो, शिवाय डोंगराच्या आतूनही पाणी येत राहते. प्रतापगडाजवळ पाणलोट बदलतो. अलीकडचे पाणी कोयनेला मिळून कऱ्हाडला कृष्णेत जाते, पलीकडचे सावित्रीतून बाणकोटच्या खाडीला मिळते. एका समुद्राचे पाणी दुसऱ्या समुद्राच्या पाण्यापासून वेगळे करणारी ही धार ओलांडल्याशिवाय देशावरून कोकणात जाता येत नाही.

आंबेनळीचा रस्ता होण्यापूर्वी ही धार लोक वेगळ्या वाटेने ओलांडत. पठारावरून रडतोंडीच्या घाटाने जावळीच्या खोऱ्यात पारला उतरायचे आणि तिथून पारघाटाने कोकणात. वाट अरुंद आणि उभी. गाडी जाण्याचा प्रश्नच नव्हता. माणसे, लमाणांचे बैल आणि डोक्यावरची ओझी एवढेच तिच्यावरून चाले. कोकणातले मीठ वर यायचे, देशावरचे धान्य आणि गूळ खाली जायचे. 1656 च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून जावळी घेतली आणि मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली प्रतापगड उभा राहिला, तो या वाटांवर नजर ठेवूनच. 1659 साली वाईत तळ देऊन बसलेला अफझलखान याच वाटेने जावळीत उतरला आणि 10 नोव्हेंबरला गडाच्या पायथ्याशी संपला. खानाच्या फौजेला येता यावे म्हणून झाडी तोडून वाट मोकळी केली होती, असे बखरी सांगतात. हा तपशील आपण डावपेच म्हणून वाचतो. पण त्यातून आणखी एक गोष्ट कळते. या जंगलात वाट सतत मोकळी करावी लागे आणि ती मोकळी ठेवणाऱ्याच्याच हाती असे. पार गावाजवळ कोयनेवरचा दगडी कमानींचा जुना पूल लोक शिवकालीन म्हणून दाखवतात. एवढा पाऊस सोसून तो उभा आहे, कारण त्याचे पाये खडकात आहेत आणि त्याच्या कमानी पाण्याला वाट देतात. खाली पोलादपुरात ‘शिवभारत’ रचणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी आहे आणि जवळच तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ. इतकी माणसे आणि इतका इतिहास ज्या वाटेवरून गेला, ती एक पाऊलवाट होती.

चाकाचा रस्ता आला तो थंड हवेच्या ओढीने. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज आणि मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्यात 1828-29 च्या सुमारास जे ठरले, त्यात महाबळेश्वरच्या बदल्यात कंपनी सरकारने वाई भागातले खंडाळा गाव दिले आणि माल्कम पेठ वसली. साताऱ्याहून मेढ्यामार्गे वर येणारा रस्ता महाराजांनी केला होताच, तो पठार ओलांडून रडतोंडीच्या माथ्यापर्यंत नेण्याचेही त्यांनी पत्करले. तिथून खाली कोकणातला रस्ता कंपनीने करायचा, अशी ही वाटणी होती. मुंबईहून येणारे साहेबलोक तेव्हा गलबताने बाणकोटच्या खाडीतून महाडकडे येत आणि पुढे पालखीतून घाट चढत. गाडीरस्त्यासाठी मात्र उभा उतार चालत नाही, चढ लांबवावा लागतो. म्हणून रडतोंडी सोडून आंबेनळीची नवी आखणी झाली. 1870 च्या दशकात पूर्ण झालेल्या या घाटाला गव्हर्नर सर सेमूर फिट्झजेराल्ड यांचे नाव मिळाले. पलीकडे जॉन चेसन यांच्या खटपटीने पाचगणी वसली आणि पसरणीच्या घाटाला वर्दळ आली. 1880 च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे वाठारला पोहोचली, तसे मुंबईचे प्रवासी रेल्वेने वाठारला उतरून टांग्याने वाईमार्गे वर येऊ लागले. खाडीचा मार्ग मागे पडला. एकाच रस्त्याचे तेव्हा दोन दर्जे झाले. पूर्वेची बाजू राबती झाली, पश्चिमेची आडबाजूला पडली. हा भेद पुरता मिटला, असे आजही म्हणवत नाही.

स्वातंत्र्यानंतर या रस्त्यावरून राज्याच्या इतिहासाचाही एक दिवस गेला. 30 नोव्हेंबर 1957 रोजी प्रतापगडावरच्या अश्वारूढ पुतळ्याच्या अनावरणासाठी पंडित नेहरू आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी हजारो माणसे काळी निशाणे घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. पुढे एस.टी.ने देश आणि कोकण रोजच्या रोज जोडले. 1943 च्या नागपूर परिषदेने देशातल्या रस्त्यांची जी प्रतवारी ठरवली होती, तिच्यात राष्ट्रीय महामार्गाखालोखाल राज्य मार्ग येतात. जिल्ह्यांची ठाणी, बाजारपेठा आणि राष्ट्रीय महामार्ग यांना एकमेकांशी जोडणे हे त्यांचे काम. म्हणजे राज्य महामार्गाची पात्रता वेगावर ठरत नाही. तो बारा महिने चालू राहतो का, यावर ठरते.

तो चालू कसा राहतो, हे समजण्यासाठी एकच मोरी पुरेशी आहे. डोंगराच्या बाजूने रस्त्याला लागून गटार असते. त्यातले पाणी वळणाशी एका खड्ड्यात उतरते, तिथून रस्त्याखालच्या मोरीतून पलीकडे जाते आणि दरीच्या बाजूला दगडी पिचिंगवर पडते, म्हणजे माती धुपत नाही. जूनच्या पहिल्या सरींबरोबर पाला, फांद्या आणि दगड त्या खड्ड्यात येतात. ते काढले नाहीत तर मोरीचे तोंड बुजते. मग पाणी डांबरावरून आडवे वाहू लागते, दरीकडची साइडपट्टी खाते आणि भरावात मुरते. संरक्षक भिंतीत पाणी निघून जावे म्हणून ठेवलेली भोके बुजलेली असली की भिंतीमागे पाणी साचते, भिंत पोट काढते आणि एके दिवशी रस्त्याची अर्धी रुंदी घेऊन दरीत जाते. बातमी येते ‘रस्ता खचला’ अशी. खरे तर तो खचण्याआधी कित्येक दिवस पाला काढायचा राहिलेला असतो. हे काम एकेकाळी मैलकुली करीत. ठरलेला टप्पा, हातात फावडे आणि घमेले, आणि पावसात मोरीशी हजेरी. आपल्या टप्प्यातला कोणता दगड हलतो आणि कोणता झरा यंदा नव्या जागी फुटला, हे त्यांना ठाऊक असे. आता बहुतेक काम कंत्राटाने होते. कंत्राटाला काम मोजून द्यावे लागते. डांबराचा थर मोजता येतो. वेळेवर काढलेला पाला मोजायचा कसा, याची सोय त्यात नसते.

22 जुलै 2021 च्या पावसाने याची कठोर परीक्षा घेतली. त्या दिवशीच्या 24 तासांत महाबळेश्वरला सुमारे 594 मिलिमीटर पाऊस झाला. आंबेनळी घाट अनेक ठिकाणी तुटला, काही जागी रस्ता अक्षरशः वाहून गेला. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीवर दरडी कोसळून माणसे गेली, शेजारच्या महाड तालुक्यात तळीये गाव गाडले गेले. घाट बंद झाल्यावर त्यातली गावे तुटली, आणि महाबळेश्वर व कोकण यांना जोडणारी सरळ वाटच राहिली नाही. त्याआधी 28 जुलै 2018 रोजी याच घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली आणि बसमधला एकच जण वाचला. त्या अपघाताचे कारण वेगळे होते. पण घाटात माणसाला सावरायला किती थोडी जागा असते, हे त्याने सगळ्यांना दाखवले.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मग रस्ता रुंद करणे हेच उत्तर नव्हे का? हंगामात पसरणीच्या घाटात वाहनांची रांग लागते, रुग्णवाहिका अडकते, स्ट्रॉबेरीचा नाशवंत माल वेळेत पोहोचत नाही. 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या या फळावर शेकडो घरे चालतात. या तक्रारी खऱ्या आहेत, आणि सुरूर ते वाई या सपाट टप्प्यात रुंदीकरणाला माझा तत्त्वतः विरोध नाही, फक्त तिथल्या जुन्या वडांना वाचवून आखणी करावी. घाटाचे गणित मात्र वेगळे आहे. तिथे रुंदी मिळवायची तर एक तर डोंगर तासावा लागतो किंवा दरीकडे भराव टाकावा लागतो. तासलेल्या डोंगराचा पाय सुटतो आणि दरड येते. भराव पहिल्या मोठ्या पावसात पाणी पितो. जिथे दोन वाहने अडकतात, तिथे जागा पाहून बाजूला थांबायचे टप्पे करावेत, वळणे दुरुस्त करावीत. सरसकट रुंदी हा त्यावरचा उपाय नाही. शिवाय महाबळेश्वर–पाचगणी परिसर 17 जानेवारी 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. गर्दीचा प्रश्न वाहनतळ आणि हंगामी बससेवा यांनी सुटेल, डोंगर फोडून सुटणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस पडला तर साफ गटारे तरी काय करणार? हे मान्यच केले पाहिजे की असा पाऊस जुन्या मोऱ्यांच्या हिशेबात नव्हता आणि काही दरडी कोणत्याही निगेने टळल्या नसत्या. पण यातून निगा निरर्थक ठरत नाही, उलट तिचा आवाका वाढतो. नव्या पावसाच्या मापाने मोऱ्या मोठ्या कराव्यात, धोक्याच्या उतारांवर जाळ्या आणि निचऱ्याच्या नळ्या बसवाव्यात, आणि पावसाचा इशारा मिळताच घाट वेळेत बंद करावा. मोठा पाऊस रस्त्याला पहिला घाव घालतो तो आधीच दुबळ्या झालेल्या जागीच. त्या जागा कोणत्या, हे वर्षभर रस्त्यावर राहणाऱ्या माणसालाच कळते.

तिसरा आक्षेप खर्चाचा. देशावरून कोकणात जायला कुंभार्ली आहे, वरंधा आहे, ताम्हिणी आहे. मग इतका अवघड घाट जपायचाच कशाला? हा हिशेब मालट्रकच्या दृष्टीने कदाचित बरोबर ठरेल. पण वाडा कुंभरोशीच्या बाळंतिणीला कुंभार्लीचा काय उपयोग? आणि हे सगळे घाट त्याच सह्याद्रीत, त्याच पावसात आहेत. 2021 च्या त्या आठवड्यात एकाहून अधिक घाट एकाच वेळी अडले होते. पर्यायी वाटा जितक्या जास्त जिवंत, तितके कोकण सुरक्षित. एक वाट सोडून देणे म्हणजे उरलेल्या वाटांवरचा भार आणि धोका दोन्ही वाढवणे.

म्हणून मागणी साधी आहे आणि खर्चाने रुंदीकरणापेक्षा कितीतरी हलकी आहे. सुरूर ते पोलादपूर या रस्त्यावरच्या प्रत्येक मोरीची, भिंतीची आणि धोक्याच्या उताराची नोंदवही असावी आणि ती गावकऱ्यांना पाहता यावी. घाटाच्या प्रत्येक टप्प्यासाठी बारमाही नेमलेली, शक्यतो त्याच गावातली माणसे असावीत, आणि त्यांचे काम मेअखेरीपर्यंत तपासले जावे. देखभालीचा निधी नव्या कामांच्या निधीपासून वेगळा ठेवावा, म्हणजे उद्घाटनाच्या घाईत तो वळवला जाणार नाही. प्रतापसिंह महाराजांनी आणि माल्कमनी रस्ता करण्याची जबाबदारी आपसात वाटून घेतली होती. आजही हा रस्ता सातारा आणि रायगड अशा दोन जिल्ह्यांत वाटलेला आहे. तो राखण्याची जबाबदारी तितक्याच स्पष्टपणे ठरवली, तर एका पावसाने गावे तुटण्याचे दिवस कमी होतील. घाट बांधणाऱ्यांची नावे आपण पाट्यांवर कोरली. आता घाट राखणाऱ्यांच्या पदांना मंजुरी देण्याची वेळ आहे.