गाडीत डिझेलचा वास : आधी वेळ विचारा

गाडीची नाडी : लेखांक ९

गाडीत डिझेलचा वास येतो म्हणून माणूस गॅरेजात जातो. मिस्त्री बॉनेट उघडतो, टॉर्च मारतो, एखादी क्लिप आवळतो आणि "आता येणार नाही" म्हणून सांगतो. चार दिवसांनी वास परत येतो. मग फिल्टर बदला, मग पाइप बदला, मग इंजेक्टरवाल्याकडे जा, असा फेरा सुरू होतो. यात मिस्त्रीची चूक निम्मीच. गाडी त्याच्यापुढे उभी असते तेव्हा वास बहुतेक वेळा येतच नसतो. तो येतो चंदनापुरीच्या चढावर, नाहीतर पौषातल्या थंडीत पहाटे सेल मारल्यावर, नाहीतर टाकी फुल्ल केल्यावर पहिल्या दहा किलोमीटरांत. ही वेळ मालकाला ठाऊक असते, पण तो ती सांगत नाही आणि मिस्त्री विचारत नाही. पाना हातात घेण्याआधी एवढी एक गोष्ट नीट लिहून काढली, तर निम्मं निदान तिथेच होतं.

पण त्याआधी नाकाचं काम. 'डिझेलचा वास' या नावाखाली लोक तीन वेगळे वास सांगतात. एक कच्च्या डिझेलचा : तेलकट, कपड्यांना चिकटणारा, पंपावर येतो तसा. दुसरा जळालेल्या डिझेलचा, म्हणजे धुराचा : डोळे चुरचुरतात, घसा धरतो. तिसरा इंजिन ऑइलचा. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळतं, ऑइलचे थेंब तापलेल्या मॅनिफोल्डवर पडतात आणि करपट वास सुटतो. या तिसऱ्याला डिझेलचा वास समजून इंजेक्टर खोलल्याची उदाहरणं कमी नाहीत. स्वतःच्या नाकावर मात्र फार भरवसा ठेवू नका. रोज त्याच गाडीत बसणाऱ्याचं नाक काही मिनिटांत त्या वासाला सरावतं. बाहेर मोकळ्या हवेत उभ्या असलेल्या माणसाला आत बसवा आणि पहिल्या श्वासाला काय वाटलं ते विचारा.

कच्चा वास असेल तर पहिला प्रश्न गाडीबद्दल नाही, डिकीबद्दल विचारायचा. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात तर नक्कीच. शेतात ट्रॅक्टर उभा असतो, विहिरीवर जेसीबी चालू असतो आणि डिझेलचा कॅन स्विफ्टच्या नाहीतर बोलेरोच्या डिकीतून जातो. झाकण घट्ट असलं तरी वळणावर कॅन आडवा होतो आणि दोन थेंब कार्पेटखाली जातात. पेट्रोल सांडलं तर लवकर उडून जातं. डिझेल साधारण १८० ते ३६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उकळणारं जड तेल आहे. ते कार्पेटखालच्या फेल्टमध्ये आठवडेच्या आठवडे बसून राहतं आणि गाडी उन्हात तापली की पुन्हा दरवळतं. पंपावर सांडलेल्या डिझेलवर पाय पडून बुटाच्या तळव्यानेही हा वास आत येतो. दुपारी उन्हात उभी गाडी उघडल्याबरोबर भपका, आणि चालू लागल्यावर वास कमी, असं असेल तर इंजिनाकडे जाऊच नका. मॅट उचला.

दुसरा प्रश्न : अलीकडे डिझेल फिल्टर बदललाय का? सर्व्हिसिंगनंतर आठवडाभरात सुरू झालेला वास शंभरातल्या बहुतेक वेळा फिल्टरपाशीच सापडतो. जुनी ओ-रिंग तशीच राहिलेली असते, नाहीतर नवी बसवताना मुडपलेली असते, नाहीतर खालचा पाणी काढायचा स्क्रू अर्धवट आवळलेला असतो. तिसरा प्रश्न टाकीचा. टाकी गळ्यापर्यंत भरली की वास आणि अर्धी झाली की बंद, असं असेल तर भरण्याच्या नळीचा रबरी होज किंवा टाकीच्या माथ्यावरचं, काट्याच्या युनिटचं सील गेलेलं असतं. पुष्कळ गाड्यांत ते मागच्या सीटखाली, एका पत्र्याच्या झाकणाआड असतं. त्यामुळे मागे बसलेल्यांना वास येतो, चालवणाऱ्याला नाही.

आता इंजिनाकडे. कॉमन रेल गाडीत प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावरून एक बारीक रिटर्न पाइप जातो. वापरून उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणं हे त्याचं काम. त्यातला दाब अगदी कमी असतो, म्हणून तो फवारत नाही, पाझरतो. पाझरलेलं डिझेल इंजेक्टरच्या खळग्यात साठतं, इंजिनाच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि खाली जमिनीवर एक थेंबही पडत नाही. "गळत तर काहीच नाही," असं मिस्त्री खरंच सांगत असतो. कारण कधी ओ-रिंगचं, कधी उंदराचं. कोठारापाशी, गोठ्यापाशी किंवा उसाच्या फडाकडेला रात्री उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे रबरी पाइप कुरतडले जातात, हे गावाकडच्या कुठल्याही मेकॅनिकला विचारा.

जुन्या सुमो-बोलेरोंचं आणखी एक कारण आहे आणि ते गाडीबाहेरचं आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं. त्यात गंधक दहा लाखांत दहा भाग एवढंच. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधली ॲरोमॅटिक संयुगंही घटतात. जुन्या नायट्राइल रबराची सील वर्षानुवर्षं त्या संयुगांमुळे फुगून घट्ट बसलेली असतात. ती संयुगं मिळेनाशी झाली की सील आकसतं आणि कालपर्यंत कोरडा असलेला इंजिनाचा डिझेल पंप ओला दिसू लागतो. इतर देशांत नव्वदच्या दशकात कमी गंधकाचं डिझेल आलं तेव्हाही जुन्या पंपांची हीच तक्रार होती. तेव्हा 'पंपवाल्याने भेसळ केली' असा निष्कर्ष काढण्याआधी सील बघावं.

पाझर शोधायला आपल्याकडची धूळ फार कामाची. कोरड्या भागावरची धूळ फुंकरीने उडते, डिझेल लागलेल्या भागावर ती काळपट चिखल होऊन बसते. त्या डागाचं वरचं टोक शोधा. डिझेल खाली आणि मागे वाहतं, म्हणून सगळ्यांत ओला भाग म्हणजे उगम नव्हे. मग तो भाग पुसून कोरडा करा, इंजिन बंद असताना रिटर्न पाइपांच्या टोकांशी पांढऱ्या टिश्यूचे तुकडे ठेवा, पट्ट्यांपासून आणि पंख्यापासून लांब. दहा मिनिटं गाडी आयडलवर ठेवा, बंद करा, तुकडे उचलून बघा.

इथे एक सूचना, आणि ती हलक्यात घेऊ नका. रिटर्न पाइप वेगळा आणि पंपापासून रेलपर्यंत, रेलपासून इंजेक्टरपर्यंत जाणाऱ्या लोखंडी नळ्या वेगळ्या. टायरमध्ये हवेचा दाब सव्वादोन बारच्या आसपास असतो, या नळ्यांत तो १,६०० बार आणि त्याहून जास्त जातो. केसाएवढ्या भोकातून उडालेली डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते. बाहेर टाचणीएवढा ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही आणि आत बोट सडायला लागतं. चालू इंजिनात या नळ्यांवर हात फिरवून गळती शोधू नका. चुकून धार लागलीच, तर हळद-बँडेज न करता सरळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि 'दाबाचं डिझेल आत गेलंय' हे शब्द सांगा.

वास धुराचा असेल तर वेळेचं महत्त्व आणखी वाढतं. पहाटे थंड इंजिनाला वास येतो आणि पाचेक किलोमीटरांनी जातो : मॅनिफोल्डचं पॅकिंग बघा. धातू तापून फुगतो आणि फट बुजते, म्हणून दुपारी गॅरेजात तीच गाडी साळसूद वाटते. घाटात दुसऱ्या गिअरवर वास येतो आणि सपाटीला नाही : टर्बोचा सांधा किंवा धूर इंजिनात परत नेणारी ईजीआरची नळी. चढावर एक्झॉस्टचा दाब वाढतो तेव्हाच फट बोलते. टोलनाक्यावर, सिग्नलला उभं राहिल्यावर येतो आणि साठच्या वेगाला जातो : गळती बॉनेटखाली आहे, चालताना वारा ती हवा खाली ओढून नेतो. उलट वेगातच येतो आणि मागची काच उघडी असताना जास्त येतो, तर धूर मागून आत येतोय.

इंजेक्टरच्या बुडाशी तांब्याचा वॉशर असतो. तो फसला की सिलिंडरमधला जळालेला वायू वर येतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमतो. सोबत छक-छक असा हलका आवाज असतो, जो बॉनेट उघडून कान दिल्यावरच कळतो. बुडाशी साबणाचं पाणी टाकलं की बुडबुडे दिसतात. वॉशरची किंमत किरकोळ, पण काम किरकोळ नाही. डांबरात रुतलेला इंजेक्टर ओढून काढताना तुटू शकतो, आणि बसायची जागा कटरने साफ न करता नवा वॉशर घातला तर महिन्याभरात पुन्हा तेच. हे काम ज्याच्याकडे ती हत्यारं आहेत त्याच्याकडेच द्यावं. जवळचा गॅरेजवाला कितीही ओळखीचा असला तरी.

बीएस-६ गाडीवाल्यांनी एक वास विनाकारण मनाला लावून घेऊ नये. हायवेवरून येऊन गाडी थांबवली, पंखा जोरात फिरतोय आणि करपट उग्र वास येतोय, असं अधूनमधून झालं तर डीपीएफ, म्हणजे एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर, साठलेली काजळी जाळतोय. त्या वेळी आत सहाशे अंशांच्या आसपास तापमान असतं. मात्र गाडी फक्त गावात, चार-चार किलोमीटर फिरत असेल तर हे जाळणं दर वेळी अर्धवट राहतं, त्यासाठी सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी चढते. ऑइल कमी होण्याऐवजी वाढतंय, हे खुशीचं लक्षण नाही.

गळती बॉनेटखाली झाली तरी वास तुमच्यापर्यंत पोचतो कसा, हा वेगळा प्रश्न आहे, आणि माझ्या मते याच्याकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं. वायू जिकडे दाब कमी तिकडे जातो. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात विजयंता रणगाड्याच्या तोफेची नळी नीट पाहिलीत तर मध्यावर एक फुगवटा दिसतो. गोळा पुढे जाताना थोडा वायू त्या फुगवट्यात भरतो. गोळा बाहेर पडून नळीतला दाब उतरला की तो वायू तिरप्या भोकांतून तोंडाच्या दिशेने सुटतो आणि उरलेला धूर ओढून बाहेर नेतो, नाहीतर तो बुरुजातल्या जवानांच्या छातीत गेला असता. मोटारीत असा फुगवटा नसतो. एसीचा ब्लोअर काचेच्या बुडाशी असलेल्या जाळीतून हवा ओढतो, आणि ती जाळी इंजिनाच्या शेजारीच. दोहोंमध्ये बॉनेटच्या मागच्या कडेची एक रबरी पट्टी असते. ती फाटलेली, किंवा अपघाताच्या कामानंतर बसवायची राहून गेलेली सापडते.

तपासायला सोपं आहे. गरम इंजिन, बॉनेट बंद, गाडी मोकळ्या जागेत उभी, ब्लोअर मध्यम. 'बाहेरची हवा' ठेवून दोन मिनिटं थांबा, मग 'आतली हवा'. पहिल्यात वास वाढला आणि दुसऱ्यात उतरला तर धूर जाळीतून येतोय. दोन्हींत सारखाच असेल तर फरशी, डिकी किंवा फायरवॉल. फायरवॉलमध्ये ॲम्प्लिफायरची किंवा जादा लाइटची वायर ओढण्यासाठी पाडलेलं भोक बघा, वायरमन तिथे ग्रोमेट घालत नाही. ही चाचणी उसाच्या ट्रॅक्टरमागे चालताना मात्र करू नका. गाळप हंगामात नगर-मनमाड रस्त्यावर बाहेरची हवाच डिझेलची असते, आणि कारखान्याजवळून जाताना येणाऱ्या मळीच्या वासाशी तुमच्या गाडीचा काही संबंध नाही.

मागून येणाऱ्या धुराचं कारण गाडीचा आकार. सुमो, बोलेरो, तवेरा यांची पाठ उभी कापलेली, त्यामुळे चालताना मागे कमी दाबाची पोकळी तयार होते आणि सायलेन्सरचा धूर तिथे घोळत राहतो. मागची काच थोडी उघडी ठेवली की तो आत ओढला जातो. डिकीच्या दाराची बीडिंग कडक झाली असेल तरी तेच. वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघून आली तिथे फट आहे. करंजी घाटात मागच्या आडव्या सीटवरची पोरं ओकली की आपण 'गाडी लागली' म्हणतो आणि लिंबू देतो. ते दर वेळी वळणांमुळेच होतं असं नाही.

धुराला 'थोडासा वास' म्हणून सोडू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो. डिझेल इंजिन तो पेट्रोलपेक्षा कमी सोडतं, शून्य नव्हे. शिर्डीच्या पार्किंगमध्ये प्रवासी दर्शनाला गेले की एसी लावून झोपणाऱ्या चालकांनी, गाडीत धुराचा वास येत असेल तर, हे अजिबात करू नये. आणि पीयूसी आहे म्हणून निश्चिंत राहू नका. ती तपासणी सायलेन्सरच्या तोंडाशी होते, मॅनिफोल्डच्या फटीतून काय येतं हे तिला दिसत नाही.

दुरुस्तीनंतर दोन-तीन दिवस वास राहतो. इंजिनावर सांडलेलं डिझेल जळून जायला तेवढा वेळ लागतो, तोवर मिस्त्रीला फोन करू नका. आठवड्यानंतरही राहिला तर आतल्या फेल्टने तो धरलाय. कापूर आणि परफ्यूम त्यावर फक्त दुसरा वास चढवतात. सीट काढून कार्पेट आणि फेल्ट बाहेर घ्यायचं, साबणाच्या पाण्याने दोनदा धुवायचं आणि वैशाखातलं ऊन असेल तर दोन दिवस वाळवायचं, श्रावण असेल तर सरळ नवं फेल्ट आणायचं. केबिन फिल्टरही बदला, धूर त्यात मुरलेला असतो.

पुढच्या आठवड्यात : एसी लावल्यावर येणारा कुबट वास.