पळसाची लाख, गिटारीचं अंग

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा बांधतात. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव. गोटमारीच्या दगडफेकीतला तो झेंडा मी लहानपणापासून पाहत आलो. त्याच पळसाशी माझ्या गिटारीचं नातं निघेल, असं कधी वाटलं नव्हतं.

ही इलेक्ट्रिक गिटार सुट्या भागांत खोक्यातून आली. बासवूडचं मऊ अंग, चार स्क्रूंनी बसणारी मान, वायरींचं पुडकं. भर श्रावणात स्प्रेच्या डब्याने रंग मारला. हवेतल्या ओलीने तो दुधाळ झाला आणि महिनाभर बोटांना चिकटत राहिला.

इतिहास थोडक्यात. विजेवरची गिटार 1930च्या दशकात बाजारात आली, फेंडरची स्ट्रॅटोकास्टर 1954मध्ये. फेंडर कंपनी मोटारींचेच रंग गिटारींना देत असे, त्यात ड्यूपाँटचा ‘ड्यूको’ होता. आपल्याकडचे सुतार कपाटाला ‘डिको’ मारतात, तो शब्द तिथलाच.

मी मात्र डिकोकडे गेलो नाही, लाखेकडे गेलो. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे इवलेसे किडे वस्ती करतात आणि अंगातून राळ सोडतात. ती धुऊन, वितळवून, पातळ ताणली की चपडा होतो. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या याच लाखेच्या. मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज आपल्यापर्यंत पोचला तो तिच्यावरूनच. आणि त्याच मिरजेच्या सतारींवरही लाखेचंच पॉलिश! हे कळल्यावर मला राहवेना. सतारमेकर गल्ली गाठली. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिथे सतारी बनवण्याचं काम सुरू केलं. 2024मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. सतारीच्या भोपळ्यावर फिरणारा पॉलिशचा बोळा मी उभ्या उभ्या तासभर पाहत होतो.

घरी येऊन जुना रंग खरवडला. लाकडाला पोचे पडले होते. त्यांवर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली, की दबलेले तंतू फुगून वर येतात. मग 120, 180, 320 नंबरचे पॉलिश पेपर, नेहमी रेषेच्या दिशेने. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून बरणी आठवडाभर हलवली नाही. मेण तळाशी बसलं, वरचं मधाच्या रंगाचं निथळ तेवढं घेतलं. जुन्या धोतराच्या फडक्यात कापूस बांधून बोळा केला, वर जवसाच्या तेलाचा एक थेंब. सौंसरच्या सुतारकाकांनी हाताला धरून शिकवलं, “बोया थांबला का चिकटलाच समज, भाऊ.” इंग्रजी आठच्या आकड्यासारखा हात फिरत राहिला पाहिजे. नवा हात जुन्या थराला थोडा विरघळवून त्यात मिसळतो. म्हणून पुढे ओरखडा पडला, तरी तेवढीच जागा सांधता येते. लाखेवर माझा जीव जडला तो यासाठी. उन्हात तापलेल्या गाडीत आणि दारूच्या ग्लासाजवळ मात्र ती गिटार ठेवू नये.

बाकीची सुधारणा दोन संध्याकाळींत झाली. पिकअपच्या खाचेला आतून तांब्याची पट्टी चिकटवून ती अर्थिंगला जोडली, भुणभुण बरीच उतरली. 250 किलोओहमचे चांगले पॉट बसवले, प्लास्टिकच्या नटऐवजी हाडाचा घातला. भरीव गिटारीचा आवाज पॉलिशने बदलतो, असं मला वाटत नाही. तो मुख्यतः पिकअपचा आणि तारांचा. पण हाताला लागणारं अंग बदलतं, आणि गिटार दिवसातून किती वेळा उचलावीशी वाटते, ते त्यावर ठरतं.

गेल्या फाल्गुनात सौंसरच्या रस्त्यावर पळस पेटल्यासारखा फुलला होता. एका फांदीवर लाखेचं खडबडीत कवच दिसलं, ते खिशात घालून आणलं. रात्री कुटून पाण्यात टाकलं, तर सकाळी वाटीतलं पाणी लालभडक. दुसऱ्या गिटारीच्या लाकडाचा तुकडा त्यात बुडवून ठेवला आहे. कडेने गुलाबी छटा चढायला लागली आहे.