डागी संत्र्यांचा मुरंबा

फाल्गुन लागला, मृगबहाराचीं फळें झाडांवर पिवळीं दिसूं लागलीं, कीं नागपुरांतील ज्या घरांना अद्याप अंगण उरलें आहे त्या घरांत दरवर्षीं एक लहानसा प्रश्न उभा राहतो. आमच्या घरीं विहिरीच्या कडेला वडीलधाऱ्यांनीं लावलेलीं संत्र्याचीं तीन झाडें आहेत. त्यांच्या उत्तम फळांची वाट लावण्यास कोणाचा सल्ला लागत नाहीं. कांहीं मुलें खातात, कांहीं शेजारीं जातात, उरलेलीं पुण्या-मुंबईच्या लेकीसुनांकडे निघालेल्या पिशव्यांत जातात. प्रश्न असतो तो टोपलीच्या तळाशीं राहिलेल्या फळांचा. कोणाच्या सालीवर खरखरीत चट्टा, कोणावर काळी पूड, कोणी लिंबाएवढेंच राहिलेलें. तीं पाहुण्यांपुढें ठेववत नाहींत आणि टाकवतही नाहींत.

अशा वेळीं गृहस्थाश्रमी माणसांकडून दोन प्रकारच्या चुका होतात. कोणी सगळींच फळें उकिरड्यावर टाकतो, तर कोणी काटकसरीच्या नांवाखालीं सगळींच पातेल्यांत घालतो. आम्हीं दुसरी चूक केलेली आहे, म्हणून तिची हकीकत प्रथम सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं अशा फळांचा मुरंबा केला. नासलेला भाग चाकूनें काढून उरलेला गर घेतला. घरांत दोघां वडिलांना मधुमेह असल्यामुळें साखर निम्मी घातली, आणि बरण्यांच्या तोंडांवर फडकें बांधून त्या फळीवर मांडल्या. तीन आठवड्यांत सातही बरण्यांत हिरवट बुरशी आली. आमच्या काकूंचें म्हणणें असें कीं, वरचा थर काढला म्हणजे खालचें निर्मळ असतें. त्यांच्या सासूबाईही तसेंच करीत. धाकट्या सूनबाई शास्त्र शिकलेल्या. त्या हळूच म्हणाल्या, "काकू, बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. शिवाय ती आंबटपणा खाऊन टाकते, मग दुसऱ्या जंतूंनाही वाट मोकळी होते." काकूंनीं विचारलें, "म्हणजे सात बरण्या मातींत घालायच्या?" "हो, काकू." त्या दिवशीं काकू जेवणाच्या पंक्तींत फारशा बोलल्या नाहींत. अन्न टाकण्याचें दुःख त्यांच्या पिढीला आमच्याहून अधिक होतें, हें आम्हांला त्या दिवशीं समजलें. परंतु पुढच्या वर्षीं फळें निवडावयास ओसरीवर चटई टाकून प्रथम बसल्या त्या काकूच.

ती निवड हीच या सर्व उद्योगाची गुरुकिल्ली होय. डाग आणि नासकेपणा या दोन भिन्न वस्तु आहेत. फुलकिड्यांनीं कोवळ्या सालीवर ओरखडे काढले, वाऱ्यानें फळ फांदीवर घासलें, तर जी खपली धरते ती केवळ सालीची असते. आंतील फोड अगदीं चांगली असते. ज्याला आपल्याकडे कोळशी म्हणतात ती काळी पूड काळ्या माशीच्या चिकट स्रावावर वाढते व धुतल्यानें निघते. बारीक राहिलेल्या फळाचा दोष तर केवळ आकाराचा. हीं सर्व मुरंब्यास चालतात. परंतु रस शोषणाऱ्या पतंगानें रात्रीं सोंड खुपसली कीं त्या सुईएवढ्या छिद्रांतून कूज आंत शिरते, व असें फळ लवकरच गळून पडतें. देठाशीं मऊ पडलेलें, आंबूस वास येणारें, किंवा किती दिवसांपूर्वीं गळालें याचा पत्ता नसलेलें फळ साखरेनें सुधारत नाहीं. म्हणून आमच्या ओसरीवर आतां तीन टोपल्या असतात: एक खाण्याची, एक मुरंब्याची, एक खताच्या खड्ड्याची. मुलेंसुद्धां हें काम अचूक करितात. संशय आला तर फळ तिसऱ्या टोपलींत, हा नियम काकूंनीं घालून दिला आहे.

कोणी विचारतील, मुरंबाच कां? रस काढून बाटल्या कां भरूं नयेत? तोही प्रयोग आम्हीं केला. ताजा असतां अमृतासारखा लागणारा रस तापवून ठेवला तों दुसऱ्या दिवशीं कडू झाला. यांत हाताचा दोष नव्हता. संत्र्याच्या बियांत व पांढऱ्या पापुद्र्यांत एक द्रव्य असतें. तें स्वतः कडू नसतें, परंतु फळ चिरडून त्याचा आंबट रसाशीं संयोग झाला कीं त्यापासून लिमोनिन नांवाचें कडू द्रव्य हळूहळू तयार होतें, आणि उष्णतेनें त्यास वेग येतो. नागपुरी संत्र्याच्या रसाची ही जुनीच अडचण आहे. मुरंब्यांत मात्र सालीचा थोडा कडवटपणा हाच स्वाद ठरतो.

आतां कृति सांगतों. धुऊन घेतलेल्या फळांचा, बिया व पापुद्रे काढलेला गर एक किलो घ्यावा. सालींपैकीं बिनडागी तुकडे निवडून, त्यांचा आंतील पांढरा भाग खरवडून, काडीसारखे पातळ काप करावे. ते शंभर ग्रॅम पुरतात. हे काप भरपूर पाण्यांत दहा मिनिटें उकळून पाणी ओतून द्यावें, व हेंच पुन्हां एकदां करावें. आपल्या संत्र्याची साल पातळ व सैल असल्यामुळें मुरंबा घट्ट होण्यास लागणारें पेक्टिन तींत बेताचें असतें. म्हणून मूठभर पापुद्रे व थोड्या बिया मलमलीच्या पुरचुंडींत बांधून गर, काप व अर्धा लिटर पाणी यांच्याबरोबर शिजूं द्याव्या. काप बोटांत चिरडेपर्यंत, म्हणजे सुमारें अर्धा-पाऊण तास, साखर घालूं नये. साखर आधीं पडल्यास साल चिवट राहते. मग पुरचुंडी पिळून काढावी, एक किलो साखर व चार कागदी लिंबांचा रस घालावा, आणि साखर विरघळल्यावर मोठ्या आंचेवर ढवळीत आटवावें. पाणी ज्या उष्णतेला उकळतें तिच्याहून चार-पांच अंश वर गेलें कीं झालें. उष्णतामापक नसल्यास थंड बशींत थेंब टाकून बोटानें सरकवावा. त्यावर सुरकुती पडली म्हणजे उतरावें. यांत पाव किलोच्या सहा-सात बरण्या भरतात.

आमच्या पहिल्या प्रयोगांत राहिली ती गोष्ट याच्या पुढची. उकळत्या पाण्यांतून काढलेल्या कांचेच्या बरण्यांत मुरंबा गरम असतांनाच, वर अर्धा सेंटिमीटर जागा सोडून भरावा. कांठ स्वच्छ पुसून नवें झांकण लावावें. खोल पातेल्याच्या तळाशीं फडकें घालून त्यावर बरण्या उभ्या कराव्या, झांकणांच्या वर बोटभर गरम पाणी राहील असें करावें, आणि पाणी खळखळूं लागल्यापासून पंधरा मिनिटें ठेवावें. दहा मिनिटें पुरतात असें पुस्तकांत असतें. परंतु नागपूर समुद्रसपाटीहून सुमारें 310 मीटर उंच असल्यामुळें येथें पाणी किंचित् कमी उष्णतेवर उकळतें, म्हणून पांच मिनिटें अधिक. बरण्या बाहेर काढून एक दिवस हलवूं नयेत. झांकण मध्यें खोल बसलें तर बरणी निर्वात झाली. न बसलेली बरणी शीतकपाटांत ठेवून प्रथम संपवावी.

ही युक्ति फ्रान्समधील निकोला आपेर नांवाच्या हलवायाची. त्यानें 1810 सालीं ती पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. ती कां साधते हें पुढें सुमारें अर्ध्या शतकानें लुई पाश्चरच्या जंतुविषयक संशोधनानें उलगडलें. येथें एक इशारा अवश्य दिला पाहिजे. उकळतें पाणी पुरतें तें फळांच्या आंबटपणामुळें. एका अत्यंत घातक विषाच्या जंतूंचीं बीजें उकळण्यानें मरत नाहींत. तीं केवळ आंबट पदार्थांत रुजत नाहींत. म्हणून याच रीतीनें मटार, घेवडा किंवा कोणतीही भाजी बरणींत भरूं नये. संत्रें फार पिकलें कीं त्याचा आंबटपणा उतरतो. लिंबाचा रस सांगितला आहे तो याचसाठीं, तो गाळूं नये. साखरही निम्मी करूं नये. ज्यांना ती वर्ज्य आहे त्यांनीं ताजी फोड खावी. त्यांच्यासाठीं सगळ्या बरण्या धोक्यांत घालण्यांत शहाणपण नाहीं.

नागपुरी संत्र्याला 2014 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. त्याच वर्षीं फेब्रुवारी-मार्चमध्यें विदर्भांत भयंकर गारपीट झाली. बाजार फळाचें तोंड पाहतो. एक चट्टा पडला कीं काटोल-वरुडच्या बागाइतदाराची वर्षाची मेहनत ढिगाच्या भावानें जाते. ज्यांच्या घरीं झाड नाहीं त्यांनीं वर्षांतून एकदां तरी असें सालीचें कुरूप, पण आंतून निरोगी फळ विकत घेऊन पाहावें. त्यांत बागाइतदाराचें थोडें हित आहे आणि आपलें पुष्कळ.

आमच्या फळीवर यंदा एकोणीस बरण्या आहेत. प्रत्येकीवर तारीख काकूंच्या अक्षरांत आहे. झांकण किंचित् जरी फुगलें तरी ती बरणी न उघडतां, न चाखतां टाकावी, हेंही आतां त्याच सगळ्यांना बजावतात.