रिकामा संगणक कोणत्या संशोधनाला द्यावा?

घरातला संगणक बराच वेळ नुसताच चालू असतो. त्याची ही पडून राहणारी ताकद वैद्यकीय संशोधनाला देता येते. २००० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झालेल्या ‘फोल्डिंग ॲट होम’मध्ये प्रथिनांच्या घड्या कशा पडतात, याचे गणित जगभरच्या घरांतून चालते. त्यात अल्झायमर, कर्करोग असा आजारही निवडता येतो. घरात कुणाला कर्करोग झाला असेल, तर मन तिकडेच ओढ घेणार. मात्र आजाराच्या नावाआधी दोन गोष्टी पाहाव्यात. निष्कर्ष सर्वांना खुले होतात का? आणि संगणकाने सुचवलेले पुढे प्रयोगशाळेत कुणी तपासते का?

‘वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड’वर जपानी संशोधकांनी न्यूरोब्लास्टोमा या लहान मुलांच्या कर्करोगासाठी सुमारे ३० लाख रेणू चाळले. प्रयोगशाळेतल्या तपासणीनंतर त्यातले सात आशादायक ठरल्याचे २०१४ मध्ये जाहीर झाले. अर्थात आशादायक रेणू म्हणजे औषध नव्हे. तिथवरची वाट फार लांबची.

शिवाय हे दान अगदी फुकटचे नाही. १०० वॉट जादा वीज ओढणारा संगणक दहा तासांत एक युनिट खातो. प्रोसेसरचा वापर मर्यादित ठेवण्याची सोय असते, ती वापरावी. जुना, लगेच तापणारा लॅपटॉप मात्र या कामाला लावू नये.