अंगणातला गंजका रंधा

अमेरिकेत उन्हाळ्यातल्या शनिवारी लोक घरातली अडगळ अंगणात मांडून विकतात. फुटक्या कपबश्यांशेजारी तिथे कधी आजोबांच्या काळातला लोखंडी रंधाही पडलेला असतो. बहुधा स्टॅनलीचा. लेनर्ड बेली या कारागिराची पेटंटं या कंपनीने १८६९ मध्ये विकत घेतली आणि पात्याची खोली पितळी चाकाने कमीजास्त करणारे त्याचे रंधे पुढे घरोघरी पोहोचले.

वय ओळखायचं तर पातं काढून आत डोकवावं. काही रंध्यांच्या बिडावरच पेटंटच्या तारखा ओतलेल्या असतात. तिथे १९ एप्रिल १९१० दिसली, तर रंधा त्याआधीचा नाही, एवढं नक्की.

गंजाला घाबरू नये. घाबरावं ते तड्याला. पातं बाहेर येतं त्या फटीच्या कडा बोटाने चाचपाव्यात. बीड ठिसूळ, तिथे चिरलं की दुरुस्ती परवडत नाही.

साफसफाई सोपी आहे. सुटे भाग रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवावेत, सकाळी तारेच्या ब्रशने घासावेत, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडे करून तेल लावावं. तेलाचा कंटाळा केला, तर गंज तासाभरात परत हजर! काहीजण धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात वीज सोडून गंज काढतात. त्यात दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टील मुळीच लावू नये. क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात.

लाकडी मूठ मात्र घासून कोरी करू नये. जुन्या रंध्यांची मूठ बहुधा रोझवुडची असते. तिला जवसाचं तेल पुरतं.