कांचनगंगा : हिमाचे पाच खजिने

जगातील तिसऱ्या क्रमांकाचे शिखर कोणते, असे विचारले की विद्यार्थी 'कांचनगंगा, ८,५८६ मीटर' असे उत्तर लिहून मोकळे होतात. या आकड्यामागे दडलेला ठेवा येथे आम्ही थोडक्यात मांडत आहोत.

सिक्कीम व नेपाळच्या सीमेवर हा पर्वत उभा आहे. त्याच्या नावातील 'गंगा' नदीची नव्हे. मूळ तिबेटी नाव खांगचेंद्झोंगा, म्हणजे 'महान हिमाचे पाच खजिने'. त्याची शिखरेही पाच आहेत. सिक्कीममधील बौद्ध व लेपचा लोक त्याला आपला रक्षक मानतात. 'पांग ल्हाबसोल' हा सण त्याच्याच सन्मानार्थ साजरा होतो.

या पर्वताचे हिम दोन वाटांनी जाते. पूर्वेकडील, सुमारे २६ किलोमीटर लांबीच्या झेमू हिमनदीचे पाणी तिस्तेतून ब्रह्मपुत्रेला मिळते. पश्चिमेकडील पाणी तमूर व कोसी नद्यांतून गंगेला मिळते.

सिक्कीमच्या बाजूस १९७७ मध्ये राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. १,७८४ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात खाली दमट अरण्ये, वर गुरांसाची फुले, त्याहून वर गवताळ कुरणे व शेवटी बर्फ आहे. लाल पांडा, कस्तुरीमृग, भरल व हिमबिबट्या येथे राहतात. २०१६ मध्ये युनेस्कोने निसर्ग व संस्कृती या दोन्ही निकषांवर त्याला जागतिक वारसा ठरविले. असा संमिश्र वारसा लाभलेले हे भारतातील पहिलेच स्थळ होय.

२५ मे १९५५ रोजी जो ब्राऊन व जॉर्ज बँड हे ब्रिटिश गिर्यारोहक नेपाळच्या बाजूने वर पोहोचले. पण सिक्कीमला दिलेला शब्द पाळून ते माथ्याच्या काही फूट खालीच थांबले. सिक्कीम सरकारने २००१ मध्ये आपल्या बाजूने चढाईस बंदी घातली.

माथा असा राखला गेला, पण बर्फ वितळतच आहे. या शिखराच्या उत्तरेस दक्षिण ल्होनक नावाचा हिमतलाव आहे. हिमनदी मागे सरकत गेली तसा तो वाढत गेला. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री काठावरची गोठलेली दरड त्यात कोसळली, लाट उसळली व दगडमातीचा नैसर्गिक बांध फुटला. चुंगथांगचे धरण वाहून गेले, तिस्तेकाठी अनेकांचे प्राण गेले.

विद्यार्थी मित्रांनो, हा पर्वत तापविणारा धूर केवळ सिक्कीममधला नाही. आपल्या गावाशहरांतूनही तो निघतो. माथ्याखाली थांबणाऱ्या त्या दोघांचा संयम आपल्यालाही वीज, इंधन व पाणी वापरताना अंगी बाणवता येईल, असे आम्हांस वाटते.