किडे गोळा करणाऱ्या पोराची कंपनी

मृगाची पहिली सर पडून गेली की आमच्या गोंदिया जिल्ह्यात शेताच्या बांधावर लाल मखमली किडे दिसू लागतात. नखाएवढा जीव, अंगावर खरोखरच्या मखमलीसारखी लव. बोट लागलं की पाय पोटाशी घेऊन गप्प. लहानपणी आम्ही ते काडेपेटीत ठेवायचो. पेटीला सुईनं पाडलेली भोकं, आत ओलं गवत. आजी म्हणायची, "बाबू, सांजेले सोडून दे त्याले." सोडायचोच, पण तोवर कुणाकडे किती, कुणाचा मोठा, एका मोठ्याच्या बदल्यात दोन लहान, हा सगळा सौदा उरकलेला असायचा.

गेम फ्रीक या जपानी कंपनीचा इतिहास वाचताना मला ही काडेपेटी आठवली. जगभरच्या पोरांना पोकेमॉनचं वेड लावणारी ही कंपनी अशाच एका किडेवेड्या मुलानं काढली.

सातोशी ताजिरी याचा जन्म 1965 चा. तो टोकियोच्या कडेला माचिदा इथं वाढला. तेव्हा तिथं तळी होती, झाडी होती. शाळेतली मुलं त्याला किड्यांचा डॉक्टर म्हणत. तिकडे भुंगेरे धरायला मुलं झाडाच्या सालीला मध लावून ठेवत. ताजिरीनं वेगळा विचार केला. भुंगेरे दिवसा झोपतात, मग त्यांना झोपायला जागाच दिली तर? त्यानं झाडाखाली दगड ठेवला. सकाळी दगड उचलला की खाली भुंगेरा. या दगडात मला त्याचं सगळं पुढचं आयुष्य दिसतं. ज्याला पकडायचं त्याच्या सवयी आधी ओळखायच्या, हे तो तिथं शिकला.

मग शहर वाढत आलं. जिथं मासे धरायचे त्या तळ्याच्या जागी व्हिडिओ गेमचं दुकान उभं राहिलं. 1978 साली 'स्पेस इन्व्हेडर्स' हा गेम आला आणि या मुलाचा सगळा जीव किड्यांवरून यंत्राकडे वळला. शाळा बुडू लागली. गेमच्या दुकानात तो इतका पडीक असायचा की दुकानदारानं एक मशीनच त्याला घरी देऊन टाकलं.

1983 मध्ये, सतराव्या वर्षी, त्यानं 'गेम फ्रीक' नावाचं मासिक काढलं. मासिक म्हणजे काय, तर हातानं लिहायचं, झेरॉक्स काढायच्या आणि स्टेपलरनं टाचायच्या. आत गेम जिंकायच्या युक्त्या आणि दडलेल्या वाटा. एका दुकानात हा अंक केन सुगिमोरी या तरुण चित्रकाराच्या हाती पडला आणि तो ताजिरीला येऊन मिळाला. पोकेमॉनचे पहिले सगळे प्राणी पुढे याच्याच देखरेखीखाली कागदावर उतरले. दिवाळी अंकाच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको, की चार वेडी माणसं एकत्र यायला कधी कधी एक साधा अंक पुरतो.

लिहिता लिहिता दोघांना वाटू लागलं, बाजारातले बरेचसे गेम बेताचेच आहेत, आपणच करावा. ताजिरीनं घरातला फॅमिकॉम हा गेम खेळायचा संच उघडून तो चालतो कसा हे समजून घेतलं. 'क्विंटी' हा त्यांचा पहिला गेम 1989 मध्ये नामको कंपनीनं बाजारात आणला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेम फ्रीक ही रीतसर कंपनी झाली. 'क्विंटी'चं संगीत करणारा जुनिची मासुदा पुढे पोकेमॉनचाही संगीतकार झाला.

त्याच एप्रिलमध्ये निन्टेंडोनं गेम बॉय बाजारात आणला. हातात मावणारं यंत्र, चार छटांचा इवलासा पडदा. दोन यंत्रं जोडायला एक केबल होती. इतरांनी ती एकमेकांशी लढायला वापरली. ताजिरीला मात्र त्या केबलमधून एक किडा सरपटत या टोकाकडून त्या टोकाला जाताना दिसला! पोकेमॉनची सगळी कल्पना या एका दृश्यातून निघाली. ज्या मुलांच्या वाट्याला तळी आणि झाडी उरली नाही, त्यांना किडे धरण्याचा, जपण्याचा, मित्राशी बदलण्याचा आनंद द्यायचा.

कल्पना सुचायला क्षण लागला, गेम पुरा व्हायला सहा वर्षं. मध्ये पैसा इतका आटला की पाच जण नोकरी सोडून गेले. ताजिरी पगार घेत नव्हता, वडिलांच्या मिळकतीवर राहत होता. इतरांसाठी छोटे गेम करून कंपनी तग धरत होती. अखेर 27 फेब्रुवारी 1996 रोजी लाल आणि हिरवी अशा दोन आवृत्त्या आल्या. काही प्राणी फक्त लालमध्ये, काही फक्त हिरवीत. चार प्राणी तर अदलाबदल केल्याशिवाय पुढचं रूपच घेत नाहीत. म्हणजे एकट्यानं खेळून संग्रह पुरा होणारच नाही, शेजारच्या पोराकडे जावंच लागणार. काडेपेटीचा सौदाच हा!

शेवटच्या क्षणी शिगेकी मोरिमोतो या प्रोग्रामरनं एक गंमत केली. चुका शोधण्याची साधनं काढून टाकल्यावर जेमतेम 300 बाइट जागा उरली होती. तिथं त्यानं म्यू हा 151 वा प्राणी गुपचूप बसवला. पोरांमध्ये कुजबुज सुरू झाली. 'कोरोकोरो' या मासिकानं वीस वाचकांना म्यू भेट देण्याची स्पर्धा जाहीर केली, तर 78,000 च्या वर अर्ज आले. या पहिल्या आवृत्त्यांची विक्री जगभरात 3 कोटींच्या पुढे गेली. आपल्याकडे 2003 च्या सुमारास हे प्राणी हिंदीतून कार्टूनमध्ये आले. गेम बॉय न पाहिलेल्या आमच्या गावच्या पोरांनाही मग पिकाचू ओळखीचा झाला.

माझ्या भाच्याला सगळ्यात आवडतो कॅटरपी. अळी, तिचा मेटापॉड हा कोष, त्यातून बटरफ्री हे फुलपाखरू. "मामा, हे खरं असते का?" त्यानं विचारलं. मी त्याला ऐनाच्या झाडाखाली नेलं. गोंदिया, भंडाऱ्यात ढिवर कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या ऐनावर आणि अर्जुनावर टसर रेशमाच्या अळ्या वाढवतात, पाखरांनी खाऊ नयेत म्हणून दिवसभर राखण करतात. त्यांचा कोष, म्हणजे कोसा, फांदीला देठानं लटकतो. आकार लहान अंड्यासारखा, रंग पिवळट करडा, नखानं टिचकी मारली तर लाकडासारखा टणक. पोरगा बराच वेळ तो हातात फिरवत राहिला.

नवेगावबांधच्या तळ्याकाठी वनाधिकारी म्हणून राहिलेले मारुती चितमपल्ली 2025 मध्ये गेले. आदिवासी आणि ढिवरांच्या तोंडची पाखरांची नावं गोळा करत त्यांनी आयुष्य काढलं, 'पक्षिकोश' लिहिला. पोकेमॉनच्या खेळातही प्रत्येक मुलाजवळ एक कोश असतो, पोकेडेक्स. दिसला प्राणी की त्यात नोंद. चितमपल्लींच्या वह्या आणि ताजिरीचा गेम मला एकाच कुळातले वाटतात.

आपल्याकडे स्वतःच्या मातीतला गेम कुणी करतं का? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं केला. 'राजी' ही सर्कशीत वाढलेल्या मुलीची गोष्ट. ती महाबलासुराच्या तावडीतून धाकट्या भावाला, गोलूला, सोडवायला निघते. राजस्थानी वाडे, पहाडी चित्रशैलीचे रंग, मधली गोष्ट बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगितलेली. 2017 मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी ही मंडळी थांबली नाहीत. 18 ऑगस्ट 2020 रोजी 'राजी' सगळ्यात आधी आला तो निन्टेंडोच्याच स्विच या यंत्रावर. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या उत्तम गेमसाठी त्याला नामांकनही मिळालं. मला त्याचं फार अप्रूप आहे.

भाच्यानं घरी येऊन जुन्या वहीत रेघा मारल्या. पहिल्या रकान्यात आकडा, दुसऱ्यात नाव, तिसऱ्यात चित्र. एक नंबरला कोसा. दोन नंबरला मृगाचा किडा, पण चित्राची जागा कोरी. तो म्हणाला, "पाऊस आला की काढतो."